लाकडातले देव आणि त्यांची नावं

हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर, कोनाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत गेलं की होनाउनाउची खाडी लागते. लाव्हाचा काळा खडक इथे थेट समुद्रात शिरतो आणि त्याच्या खळग्यांत भरतीचं पाणी साचून राहतं. खडकाच्या टोकाशी पानांनी शाकारलेलं एक ठेंगणं घर, त्याभोवती लाकडी खांबांचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत, बाहेर, अगदी पाण्याच्या काठापर्यंत उभे असलेले देव. एकेका ओंडक्यातून कोरून काढलेले. गुडघे वाकवलेले, मांड्या-पोटऱ्या तटतटलेल्या, हात अंगापासून सुटे, धडाच्या मानाने डोकं भलंमोठं. तोंड रुंद फाकलेलं, त्यात दातांच्या रांगा. डोळे लांबट होत होत वर केसांत ओढले गेलेले.

मी मूर्तींच्या देशातून गेलेला माणूस. शंख-चक्र दिसलं की विष्णू, त्रिशूळ-डमरू दिसला की शंकर, पायाशी उंदीर दिसला की गणपती, हे वाचन आपल्याला लहानपणापासून येतं. त्याच सवयीने मी या देवांचे हात पाहिले. ते रिकामे होते. वाहन नाही, आयुध नाही, अंगावर काही कोरलेलं नाही. चेहऱ्यावर एवढं सामर्थ्य, की समोर उभं राहिल्यावर बोलणं आपोआप थांबावं. आणि तरी हा देव कोण, हे सांगणारी एकही खूण नाही. हवाईत मी पुढे जे जे पाहिलं, ते या एका प्रश्नाच्या मागे जात पाहिलं.

आधी ही जागा काय ते सांगायला हवं. पुउहोनुआ ओ होनाउनाउ हे अभयस्थान होतं. जुन्या हवाईत ‘कापू’ म्हणजे धार्मिक निर्बंध इतके कडक, की सरदाराच्या सावलीवर पाय पडला तरी देहदंड व्हावा. असा अपराध घडलेला माणूस जीव मुठीत धरून पळत, पोहत इथवर पोहोचला, की त्याला कुणी हात लावू शकत नसे. पुजारी त्याचं शुद्धीकरण करत आणि तो माणूस पुन्हा घरी जाई. लढाईत हरलेले सैनिक, लढू न शकणारी बायकामुलं यांनाही इथे आसरा मिळे. चुन्या-मातीशिवाय नुसते लाव्हाचे दगड रचून केलेली इथली भिंत आजही उभी आहे: लांबी सुमारे ३०० मीटर, उंची साडेतीन मीटरच्या आसपास, जाडी पाच मीटरांहून जास्त. आणि ते पानांचं घर म्हणजे हाले ओ केआवे. त्यात २३ सरदारांच्या अस्थी ठेवलेल्या होत्या. त्या अस्थींत ‘माना’, म्हणजे दैवी सामर्थ्य, वसतं आणि त्यानेच ही जागा अभेद्य होते, अशी श्रद्धा. बाहेर उभे असलेले देव त्या अस्थींचे राखणदार.

आज दिसतं ते घर १९६०च्या दशकात पुन्हा उभारलेलं आहे आणि मूर्तीही नव्या कारागिरांनी कोरलेल्या आहेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लाकूड झिजतं, तडकतं. मग नवीन कोरायच्या. मूळच्या मूर्ती कुठे गेल्या, हे विचारलं की हवाईच्या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण वर्षाशी येऊन थांबावं लागतं. ते वर्ष १८१९.

त्या वर्षीच्या मे महिन्यात सगळी बेटं एका छत्राखाली आणणारा राजा कामेहामेहा वारला. त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला, पण राज्याची सूत्रं कामेहामेहाच्या राणीच्या, काआहुमानूच्या, हातात होती. कापूच्या नियमाने स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही. बायकांनी डुकराचं मांस, केळी, नारळ खायचा नाही. काआहुमानू आणि लिहोलिहोची आई केओपुओलानी यांनी हा नियम मोडायचं ठरवलं. कैलुआच्या एका मेजवानीत तरुण राजा उठला आणि बायकांच्या पंगतीत जाऊन जेवायला बसला. देवांनी काहीच केलं नाही. लगेच हुकूम सुटला: मंदिरं पाडा, मूर्ती जाळा. आणि या कामात पुढे झाला तो हेवाहेवा, राज्याचा सर्वांत मोठा पुजारी.

मला याचं आश्चर्य आजही आवरत नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांचं पहिलं जहाज तोवर किनाऱ्याला लागलंही नव्हतं. ते आलं १८२० मध्ये. एका समाजाने, एका राजघराण्याने, आपल्याच देवांच्या पायांखालची जमीन स्वतःच्या हाताने काढून घेतली. सगळ्यांना हे मान्य होतं असंही नाही. राजाचा चुलतभाऊ केकुआओकालानी याच्याकडे कामेहामेहाने मरताना युद्धदेवतेची राखण सोपवली होती. तो जुन्या धर्मासाठी उभा राहिला. डिसेंबरमध्ये कुआमोओच्या लाव्हाच्या माळावर लढाई झाली. तो पडला आणि त्याच्या शेजारी लढणारी त्याची बायको मानोनोही पडली. त्यानंतर ज्यांच्याच्याने देव जाळवले नाहीत, त्यांनी ते डोंगरातल्या गुहांत लपवले, दलदलीत पुरले.

होनाउनाउचं अस्थिगृह राजघराण्याचं असल्याने तेवढं वाचलं. १८२५ मध्ये ‘ब्लाँड’ हे इंग्रजी जहाज, लंडनमध्ये गोवराने वारलेल्या राजा लिहोलिहो आणि राणी कामामालू यांचे देह घेऊन हवाईला आलं. जहाजाचा कप्तान लॉर्ड बायरन, कवी बायरनच्या गादीचा वारस. तो आणि त्याचे सोबती इथे उतरले आणि मूर्ती घेऊन गेले. १८२९ मध्ये काआहुमानूच्या हुकमाने ते घरही मोडलं. मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या. नेणाऱ्यांनी लाकूड नेलं. ‘याला तुम्ही काय म्हणून हाक मारत होता’ हे लिहून घेण्याची बहुतेकांना गरज वाटली नाही.

हवाईच्या देवमंडळात चौघे थोर. कू हा युद्धाचा आणि राजसत्तेचा, पण तोच वेगळ्या नावाने होडी कोरणाऱ्यांचा, कोळ्यांचा, शेतकऱ्यांचाही. लोनो पावसाचा, पिकांचा, शांततेचा. काने गोड्या पाण्याचा, उजेडाचा, जीव देणारा. कानालोआ खोल समुद्राचा, आठ हातांच्या ऑक्टोपसशी जोडलेला. शिवाय ज्वालामुखीची पेले, आणि घराघराचे पूर्वजदेव: कुणाचा शार्क मासा, कुणाचं घुबड, कुणाचं कासव. चाराच्या पटीत मोजणारे हे लोक प्रार्थनेत चार हजार, चाळीस हजार, चार लाख देवांना एकदम बोलावत. होनोलुलूच्या बाजारात आज लाकडी देवांच्या छोट्या प्रतिकृती मिळतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी असते: हा रागीट चेहऱ्याचा तो कू, हा उंच मुकुटाचा तो लोनो. प्रवासी ती चिठ्ठी वाचून समाधानाने घरी जातो. खऱ्या जुन्या मूर्तींसमोर मात्र अशी चिठ्ठी लावायला जाणकारांचा हात धजत नाही.

हॅली कॉक्स आणि विल्यम डेव्हनपोर्ट यांनी १९७४ मध्ये हवाईच्या शिल्पांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगात उरलेल्या मूर्ती त्यांनी शोधून नोंदवल्या. त्या दीडशेच्या आसपास भरल्या. त्यांनी मूर्तींचे गट पाडले ते उपयोगावरून: मंदिरात उभ्या करायच्या मोठ्या मूर्ती, काठीच्या टोकावर कोरलेल्या आणि सोबत नेता येणाऱ्या लहान मूर्ती, घरच्या पूर्वजदेवांच्या मूर्ती. देवांच्या नावांवरून गट पाडता आलेच नाहीत, कारण थोडे अपवाद सोडले तर कोणती मूर्ती कोणाची हे सांगण्याजोगा पुरावाच हाती नाही.

होनोलुलूचं बिशप म्युझियम १८८९ मध्ये स्थापन झालं. राजकन्या बर्निस पाउआही हिच्या स्मरणार्थ तिच्या नवऱ्याने, चार्ल्स बिशपने ते उभारलं. त्याच्या मुख्य दालनाच्या कोआ लाकडाच्या सज्जांमधून मी वर-खाली फिरलो. इथल्या संग्रहातली मोठी मंदिरमूर्ती जगातल्या तीन थोर मूर्तींपैकी एक. दुसरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८३९ मध्ये पोहोचली, तिसरी अमेरिकेतल्या सेलम गावी १८४६ मध्ये. माणसाहून उंच अशा या तिन्ही मूर्ती एकाच शैलीतल्या, कामेहामेहाच्या काळातल्या, कोनाच्या मातीतल्या. २०१० मध्ये तिघींना होनोलुलूत एकत्र आणलं गेलं. जवळजवळ दोनशे वर्षांनी तिन्ही देव आपल्या बेटांवर एकमेकांशेजारी उभे राहिले आणि हवाईची माणसं फुलं-पानं, नजराणे, मंत्र घेऊन त्यांच्यासमोर आली.

या तिन्हींना कू म्हणतात. पण लंडनच्या मूर्तीकडे नीट पाहा. नीरफणसाच्या लाकडातून कोरलेली ती मूर्ती अडीच मीटरहून उंच आहे. तिचं ते फाकलेलं, आव्हान देणारं तोंड कूचं, म्हणजे बेटं हिसकावून घेणाऱ्या कूकाइलिमोकूचं मानलं जातं. तिच्या केसांच्या रचनेत मात्र डुकरांची मुंडकी दडलेली दिसतात, आणि डुक्कर लोनोकडे बोट दाखवतं. एकाच लाकडात युद्धाचाही देव आणि सुगीचाही? दोन्ही देवांचं पाठबळ आपल्याला आहे, असं कामेहामेहाला सांगायचं होतं का? तज्ज्ञ इथे ‘बहुधा’ हा शब्द वापरतात, आणि तो शब्द मला फार प्रामाणिक वाटला.

ओळख पक्की होते ती कुठे? जिथे लाकडाखेरीज आणखी काही हाती लागतं तिथे. कैलुआला बंदराच्या काठावर कामेहामेहाचं आहुएना मंदिर पुन्हा बांधलेलं आहे. तिथल्या सर्वांत उंच मूर्तीच्या डोक्यावर एक पक्षी बसलेला आहे: कोलेआ, म्हणजे सोनचिखल्या, जो हजारो मैलांवरून उडत हिवाळ्याला या बेटांवर येतो. त्या पक्ष्यावरून तो देव कोलेआमोकू, रोग बरे करणारा. इथे खूण बोलते. पिसांच्या देवांचंही तसंच. वेलीच्या मुळांची टोपलीसारखी वीण, त्यावर जाळी, जाळीत गुंफलेली लाल पिसं, शिंपल्याचे डोळे, कुत्र्याचे दात. हे देव हलके, लढाईत हातात धरून मिरवता येतील असे. ते युद्धाचे, आणि राजघराण्याच्या कथेत त्यांचं नाव जपलेलं आहे. कामेहामेहाच्या चुलत्याने, राजा कालानिओपुऊने, जमीन स्वतःच्या मुलाला दिली आणि युद्धदेवतेची राखण पुतण्याला; पुढे पुतण्यानेच सगळी बेटं मिळवली. ही गोष्ट सांगणारी माणसं होती म्हणून त्या देवाचं नाव राहिलं.

खुणांवर विसंबणाऱ्याने केआलाकेकुआच्या खाडीवरचं हिकिआउ मंदिर अवश्य पाहावं. आता तिथे दगडांचा उंच चौथरा तेवढा आहे. जानेवारी १७७९ मध्ये पुजाऱ्यांनी कॅप्टन कुकला इथे वर नेलं. लेफ्टनंट जेम्स किंग सोबत होता आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. मूर्ती अर्धवर्तुळात उभ्या होत्या. पुजारी एकेकीसमोर थांबून हेटाळणीच्या सुरात काही बोलला, चुटक्या वाजवत पुढे गेला. मधली मूर्ती सर्वांत लहान, लाल कापडात गुंडाळलेली. तिच्यासमोर मात्र तो आडवा झाला, तिचं चुंबन घेतलं आणि कुकलाही तसंच करायला लावलं. पुढे जहाजाला सरपण हवं होतं म्हणून खलाशांनी मंदिराचं कुंपण उपटून नेलं, त्याबरोबर मूर्तीही नेल्या. म्हाताऱ्या पुजाऱ्याने एकच मागणं केलं: ती मधली तेवढी परत द्या.

उंची, उग्रपणा, कोरीवकाम या सगळ्यांनी पाहणाऱ्याला चकवावं आणि खरा मान एका लहानग्या, कापडात लपेटलेल्या देवाला असावा, याचा उलगडा मला डेव्हिड मालोच्या लिखाणात झाला. मालो कोनाचा, १७९०च्या दशकात जन्मलेला. जुना धर्म त्याने डोळ्यांनी पाहिला आणि पुढे ख्रिस्ती होऊन, लिहायला शिकून, तो हवाई भाषेत लिहून ठेवला. राजाच्या महामंदिराचा, लुआकिनीचा, विधी त्याने सविस्तर सांगितला आहे. राजा आणि पुजारी डोंगरावरच्या रानात जात. लाल फुलांचा ओहिआ वृक्ष निवडत. झाडाच्या बुंध्याशी डुकराचा आणि एका अपराधी माणसाचा बळी देत. मग झाड पडे आणि मिरवणूक आरोळ्या ठोकत खाली येई. वाटेत जो सापडेल त्याच्या जिवाला धोका. मंदिरात मूर्ती उभ्या राहत. मुख्य मूर्तीला मंत्रांसह लंगोट नेसवत, आणि मग बाकीच्या मूर्तींनाही. आणि ज्या जागी जी मूर्ती उभी, त्या जागेनुसार तिला नाव देत.

जागेनुसार नाव! हे वाचलं आणि इतका वेळ शोधलेल्या प्रश्नाची गाठ सुटली. कोरणाऱ्याच्या पटाशीने देवाची ओळख ठरतच नव्हती. नाव द्यायची ती जागा, ते वस्त्र, तो मंत्र आणि ते म्हणणारी माणसं. १८१९ मध्ये मंत्र थांबले, वस्त्रं उतरली, जागा मोडल्या, आणि मूर्ती ज्या क्षणी जागेवरून उचलल्या त्याच क्षणी त्यांची नावं मागे राहिली. लंडनच्या किंवा सेलमच्या दालनात काचेतून पाहून ती नावं परत कशी मिळणार?

कानेकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. काने चौघांतला थोर, पण घराघरांत त्याची पूजा होई ती एका उभ्या दगडाच्या रूपात, ‘पोहाकु ओ काने’. ना नाक, ना डोळे. कुटुंबातल्या कुणाला स्वप्नात दगडाची जागा दिसे, तो आणून उभा करत, त्याला खोबरेल लावत. घरात काही चुकलं-माकलं की सगळे त्याच्यासमोर जमत, अपराध कबूल करत, क्षमा मागत. आपल्या गावोगावच्या तांदळ्यासमोर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेंदूर माखलेला बिनचेहऱ्याचा दगड एका शिवेवर मरीआई असतो आणि दुसऱ्या शिवेवर म्हसोबा, हे गाव सांगतं; दगड सांगत नाही.

लोनोचं रूप तर मूर्ती म्हणावं की नाही असं. एक लांब काठी, टोकाला लहानसं कोरलेलं डोकं, खाली आडवी दांडी, दांडीवरून लोंबणारं झाडाच्या सालीचं पांढरं कापड, पक्ष्यांची कातडी, नेच्याची पानं. सूर्य मावळताना पूर्वेला कृत्तिका उगवू लागल्या, की लोनोचा ‘मकाहिकी’ सुरू होई. हे दिवस आपल्या कार्तिकाच्या आगेमागे येतात, आणि त्याचं कारण एकच आहे: कार्तिकालाही नाव दिलं ते याच कृत्तिकांनी. मग चारेक महिने युद्ध बंद. लोनोची काठी बेटाला प्रदक्षिणा घाली, गावं आपापला कर आणून ठेवत आणि नंतर कुस्त्या, मुष्टियुद्ध, नाच, खेळ. कूची मंदिरं या दिवसांत मुकी राहत.

राहिला कानालोआ. त्याची म्हणून निःशंक दाखवावी अशी एकही लाकडी मूर्ती मला कुठे भेटली नाही. पण माउई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात एक लालसर, उघडं बेट दिसतं, काहोओलावे. त्याचं जुनं नाव कानालोआ. संपूर्ण बेट हाच देवाचा देह. माउईच्या उंच हालेआकाला डोंगरामुळे पावसाचे ढग अडतात आणि हे बेट कोरडं राहतं. १९४१ पासून अमेरिकन नौदलाने ते बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरलं. १९७६ मध्ये हवाईचे काही तरुण बंदी झुगारून तिथे उतरले. त्यांचा एक पुढारी, गायक जॉर्ज हेल्म, १९७७ मध्ये या बेटाजवळच्या समुद्रात नाहीसा झाला. लढा थांबला नाही. १९८२ मध्ये या लोकांनी तिथे मकाहिकीचा विधी पुन्हा सुरू केला. बॉम्ब अजून पडतच होते. ते थांबले १९९० मध्ये.

आजही ते बेट पर्यटकांना खुलं नाही. न फुटलेले बॉम्ब मातीत आहेत. पण दर वर्षी नोव्हेंबरमध्ये माणसं होडीतून तिथे जातात, लोनोची काठी उभारतात, पांढरं कापड बांधतात, बेटावर मिरवतात आणि उघड्या मातीत झाडं लावतात. हा देव कोणता, हे ओळखायला त्यांना कुणा तज्ज्ञाची गरज नाही. काठी त्यांनी तासली आहे, वस्त्र त्यांनी बांधलं आहे, मंत्र ते म्हणत आहेत, आणि कानालोआच्या कोरड्या देहासाठी पाऊस ते लोनोकडे त्याचं नाव घेऊन मागतात.